लैला-मजनूचा ऑपेरा आणि शोकांत प्रेमकथेचं नवं संगीत नाटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या शोकांत प्रेमकथेवर नवं संगीत नाटक करायचं मनात असलेली मंडळी पहिला प्रश्न हमखास विचारतात, ‘पदं किती घालावीत?’ मला वाटतं, त्याआधी दुसराच प्रश्न सोडवायला हवा: कुठली जागा न लिहिता गायकाच्या हवाली करायची? १९०८ साली बाकू शहरात एका बावीस वर्षांच्या शिक्षकानं हा प्रश्न सोडवला. त्याच्या नाटकाबद्दल आणि त्या अनुषंगानं आपल्याकडच्या कामाबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे.

हे नाटक नेमकं कोणतं?

‘लेयली आणि मजनून’, म्हणजे आपले लैला-मजनू. रचना उझेयिर हाजिबेयोव यांची, पहिला प्रयोग २५ जानेवारी १९०८ रोजी, बाकूच्या तागियेव नाट्यगृहात. (तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे १२ जानेवारी.) अझरबैजानचा हा पहिला ऑपेरा. मुस्लिम जगातला पहिला ऑपेरा म्हणूनही त्याचा उल्लेख होतो. बाकू तेव्हा तेलाच्या पैशावर वाढत होतं. हाजी झेयनालाब्दिन तागियेव हे तिथले तेलाचे धनाढ्य व्यापारी. नाट्यगृह त्यांनीच बांधलं होतं, मुलींची शाळाही काढली होती. दिग्दर्शन हुसेन अरब्लिन्स्की यांचं. वाद्यवृंदाचं संचालन केलं अब्दुर्रहीम बे हागवेर्दियेव यांनी, जे मुळात नाटककार. तालमी झालेला, पगारी, पक्का वाद्यवृंद असं काही नव्हतं. जमतील तेवढी माणसं गोळा करून प्रयोग उभा राहिला.

त्याला हे सुचलं कसं?

हाजिबेयोवचं बालपण काराबाखमधल्या शूशा गावात गेलं. शूशा म्हणजे गायकांचं गाव. लहानपणी त्यानं तिथे एक छोटा नाट्यप्रवेश पाहिला: लेयलीच्या कबरीवर मजनू. गाणारे होते जब्बार गार्यागदीओग्लू, त्या काळातले फार मोठे गायक, आणि तो प्रवेश बसवला होता याच हागवेर्दियेवांनी. एवढा एकच प्रवेश, तोही कथेच्या अगदी शेवटचा, आणि तो त्याच्या मनात घर करून राहिला. मोठेपणी त्यानं त्या शेवटापासून मागे जात अख्खी गोष्ट रंगमंचावर आणली.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पहिल्या पानापासून रूपांतर करत बसलं की माणूस कथानकाच्या चिखलात रुततो. जिथे गाण्यावाचून गत्यंतर नाही ती जागा आधी हाती आली, तर बाकीच्या प्रवेशांचं काम ठरतं: प्रेक्षकाला त्या जागेपर्यंत आणून सोडणं.

मूळ कथा कुणाची?

लोककथा अरबांची, सातव्या शतकातल्या कैस नावाच्या कवीभोवती गुंफलेली. तिला पल्लेदार काव्याचं रूप दिलं गंजा शहरातल्या निझामी या कवीनं, ११८८ मध्ये, फारसीत. पुढे दिल्लीत अमीर खुसरोनंही ती लिहिली. हाजिबेयोवनं मात्र हात घातला तो फुझुलीच्या काव्याला. सोळाव्या शतकात इराकमध्ये राहून फुझुलीनं ते अझेरी तुर्कीत रचलं, म्हणजे बाकूच्या प्रेक्षकाच्या स्वतःच्या भाषेत.

शिवाय फुझुलीनं एक सोय आधीच करून ठेवली होती. त्याचं काव्य मसनवीचं, सरळ कथा सांगत जाणारं; पण भावना दाटून आली की तो ओघ थांबवतो आणि लेयलीच्या किंवा मजनूच्या तोंडी अख्खी गझल घालतो. गद्य कुठे संपवायचं आणि पद कुठे सुरू करायचं याचा आराखडाच म्हणा ना. हाजिबेयोवनं बऱ्याच ओळी जशाच्या तशा उचलल्या आणि तिथे स्वतःची कविता घुसडण्याचा मोह टाळला.

कथा थोडक्यात सांगाल का?

कैस आणि लेयली एकाच शाळेतले. प्रेमाची वार्ता पसरते, मुलीला घरी बसवतात. कैसचे वडील मागणी घालतात. लेयलीचे वडील म्हणतात, वेड्याला मुलगी देणार नाही. तेव्हापासून तो मजनू, म्हणजे वेडा. लेयलीचं लग्न इब्न सलामशी लावून दिलं जातं, मजनू रानोमाळ भटकतो, लेयली झुरून जाते, तिच्या कबरीवर मजनू प्राण सोडतो.

शेवट सगळ्यांना ठाऊक असताना प्रेक्षक का बसेल?

शेवट ठाऊक असतो म्हणूनच बसतो. ‘पुढे काय’ ही उत्सुकता गाण्याची वैरीण आहे. ती जागी असली की प्रेक्षक दोन आवर्तनांनंतर चुळबुळायला लागतो. शेवट आधीच माहीत असला की त्याचा जीव मोकळा होतो आणि तो ‘कसं’ ऐकायला लागतो.

बाकूच्या नाटकाचा आरंभच पाहा. पडदा उघडतो तो विरहाच्या रात्रीवरच्या फुझुलीच्या गझलेनं, समूहस्वरात. अजून कुणी कुणाच्या प्रेमात पडलेलं नाही, शाळेचा प्रवेश यायचा आहे, आणि समूह गातोय की विरहाच्या रात्री जीव जळतो आहे. शेवट सुरुवातीलाच सांगून टाकला. त्यानंतर शाळेतला कोवळा प्रवेश आला की तो पाहताना काळजात कालवाकालव होते.

यात मुगाम मुगाम म्हणतात ते काय?

अझरबैजानची रागदारी म्हणा. तंतोतंत नव्हे, पण नाट्यसंगीत ऐकणाऱ्या कानाला ओळख पटायला वेळ लागत नाही. ठरलेल्या स्वरचौकटीत गायक खालच्या पट्टीत सुरुवात करतो, टप्प्याटप्प्यानं वर चढतो आणि शेवटी मुक्कामी परततो. मधे तालात बांधलेली गीतं येतात, त्यांना तस्निफ म्हणतात. वाद्यांचे तुकडे येतात, ते ‘रंग’. साथीला तार नावाचं तंतुवाद्य आणि कमांचा, गजानं वाजवायचं. मैफलीत गायकाच्या स्वतःच्या हातात डफ असतो.

कोणत्या मुगामातून कोणता भाव उमटतो हेही हाजिबेयोवनं पुढे एका ग्रंथात मांडलं: रास्त धैर्याचा, सेगाह प्रेमाचा, चहारगाह खळबळीचा आणि आवेगाचा, शुश्तर खोल दुःखाचा. आपल्याकडे कुठल्या प्रसंगाला कुठला राग यावर बैठकीत जसे वाद रंगतात, तसे याही यादीवर रंगवता येतील. पण नाटक बांधताना अशी यादी जवळ असावीच. पात्राच्या मनाचा प्रवास आधी रागांच्या क्रमात मांडून पाहावा, मग शब्दांना हात लावावा.

संहितेत त्यानं लिहिलं काय आणि मोकळं काय ठेवलं?

खरं मर्म इथे आहे, म्हणून जरा विस्तारानं.

समूहगीतं, युगुलगीतांचे काही भाग, वाद्यवृंदाचे तुकडे, नाच हे सगळं त्यानं स्वरलिपीत उतरवलं. एकल गायनाच्या जागा आल्या की स्वरलिपी थांबते. तिथे फुझुलीच्या ओळी आणि मुगामाचं नाव, बस. वाद्यवृंद हात आखडतो, एकटा तार वाजत राहतो आणि गायक त्या मुगामात त्या ओळी स्वतःच्या अकलेनं आणि गळ्यानं मांडतो. पहिल्या प्रयोगाला तारवर गुर्बान पिरीमोव होते, मैफली गाजवणारे वादक. म्हणजे नाटकाच्या ऐन मोक्याच्या क्षणी सूत्रं संचालकाच्या हातून गायक आणि तारवादक या जोडीकडे जातात.

पाश्चात्त्य ऑपेराच्या दृष्टीनं हा अपुरेपणा. पुढे हाजिबेयोवनं स्वतःच लिहून ठेवलं आहे की तेव्हा त्याला स्वरलिपीपलीकडचं, स्वरसंवाद (हार्मनी) वगैरेंचं शिक्षण नव्हतं. रीतसर शिकायला तो नंतर मॉस्कोला आणि सेंट पीटर्सबर्गला गेला. पण केवळ अज्ञानापोटी इतकी नेमकी रचना घडत नाही. समाज जे बोलतो ते त्यानं लिहून बांधलं: आईबाप, सोयरे, समूह यांचा कायदा ठरलेला, म्हणून त्यांचं गाणंही ठरलेलं. मजनू त्या कायद्यात मावत नाही, म्हणून त्याचं गाणं कागदावर मावत नाही. कथेचा संघर्ष संगीताच्या बांधणीतच उतरला आहे. मला या नाटकाबद्दल एकच वाक्य सांगायची मुभा दिली तर मी हेच सांगेन.

दर प्रयोगाला मजनूचं वेड थोडं वेगळं वाटतं ते यामुळे. पहिले मजनू हुसेनगुलू साराब्स्की यांनी ही भूमिका आयुष्यभर केली, शेकडो प्रयोग केले. लिहिलेलं गाणं शेकडो वेळा म्हणणं आणि शेकडो वेळा नव्यानं मांडणं यात किती अंतर आहे, हे गाणाऱ्याला सांगायला नको.

लेयलीचं काम कुणी केलं?

पुरुषानं. फराजोव नावाचा तरुण, चहाच्या दुकानात कामाला असलेला. मुस्लिम बाईनं रंगमंचावर उभं राहणं तेव्हा अशक्यप्राय होतं. १९१२ मध्ये शोव्कत मामेदोवा बाकूच्या रंगमंचावर गायली, तर खवळलेल्या लोकांमुळे तिला पळून जीव वाचवावा लागला. ती पुढे मोठी ऑपेरा गायिका झाली.

आपण मराठी माणसं हे वाचताना लगेच बालगंधर्वांची आठवण काढतो, आणि ते रास्तच आहे. तो अभिनय अस्सल होता. मात्र त्याच वेळी कुणाचा आवाज रंगमंचाबाहेर ठेवला जात होता हेही विसरू नये. हिराबाई बडोदेकरांनी नाटक मंडळी काढून स्वतः नायिका उभ्या केल्या, त्याचं मोल त्यामुळे अधिक आहे.

मराठी संगीत नाटकाशी याचा थेट संबंध आहे का?

थेट नाही. हाजिबेयोवला किर्लोस्कर माहीत असल्याचा काही पुरावा मला ठाऊक नाही, तसा ओढून आणू नये. समांतर मात्र खूप आहे. ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० साली आलं, त्यात पात्रं स्वतः गाऊ लागली. त्याआधी गाण्याचा भार सूत्रधारावर असे. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्या रागदारी बंदिशींच्या अंगानं. पदाचा मुखडा बांधलेला आणि पुढचा विस्तार गायक नटाच्या मगदुराप्रमाणे, ही पद्धत आपल्याकडे रुजली ती त्या सुमारास. काम तेच, दोन वेगळ्या गावांत.

फरक एक आहे आणि तो मोठा आहे. आपली गाजलेली संगीत नाटकं बहुतेक मंगलाकडे जाणारी. शोकान्ताची संगीत परंपरा आपल्याकडे तुटपुंजी. त्यात ‘एकच प्याला’ ठळक. गडकऱ्यांच्या त्या नाटकाची पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. गद्य इतकं जळजळीत की पदं येतात तेव्हा ती सिंधूचा विसावा होतात. प्रेमकथेच्या शोकांतिकेत उलट व्हायला हवं: गद्य विसाव्याला आणि कळ पदात.

शोकांत नाटकात वन्समोअर द्यावा का?

पहिल्या अंकात खुशाल द्यावा. मृत्यूची छाया पडल्यावर देऊ नये. रसिक रागावतील, रागावू द्यात. मरणाऱ्या नायिकेनं उठून पुन्हा मुखडा घेतला की त्या रात्रीचं नाटक तिथेच आटोपतं. यावर उपाय रचनेतच करता येतो: पद टाळीवर संपवायचं नाही, शेवटची ओळ थेट पुढच्या पात्राच्या प्रवेशात मिसळू द्यायची. टाळीला फटच ठेवायची नाही.

इतक्या मोठ्या काव्यातून गाळायचं काय?

निझामीचं काव्य चार हजारांहून अधिक द्विपदींचं आहे. फुझुलीचंही तसंच भलंमोठं. रंगमंचावर त्यातला सहावा हिस्सा टिकला तरी पुष्कळ. माझी कसोटी सरळ आहे. जो प्रसंग बोलून भागतो तो दोन वाक्यांत बोलून टाका. जो प्रसंग बोलला तर खोटा वाटेल आणि गायला तर खरा, तो ठेवा.

फुझुलीच्या काव्यातलंच उदाहरण घ्या. मुलाचं वेड उतरावं म्हणून बाप मजनूला काबागृहाशी घेऊन जातो. सांगतो, बाबा रे, बरं होण्यासाठी दुआ माग. मजनू हात उंचावतो आणि मागतो काय, तर देवा, मला या प्रेमाच्या पीडेपासून क्षणभरही दूर करू नकोस. बाजूला बाप उभा आहे, ऐकतो आहे. हे संवादात घातलं तर मुलगा आडमुठा वाटतो. गाण्यात घातलं तर बापाच्या पोटातला खड्डाही ऐकू येतो, कारण साथ करणारं वाद्य बापाच्या बाजूनं वाजू शकतं. दुसरा असा प्रसंग लढाईचा. नोफल नावाचा सरदार मजनूच्या बाजूनं लेयलीच्या टोळीवर चालून जातो आणि मजनू मात्र शत्रूच्या विजयाची प्रार्थना करतो, कारण शत्रू लेयलीचे आप्त आहेत. युद्ध पडद्यामागे ठेवा, ढोल वाजू द्यात. पुढे फक्त ती प्रार्थना.

लेयलीला बोलू द्यायला हवं ना? आजच्या काळात ती अशी झुरत बसलेली कशी चालेल?

हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचं उत्तर आधुनिक भाषणं तिच्या तोंडी कोंबणं हे नव्हे. मूळ काव्य नीट वाचा. फुझुलीची लेयली घरात कोंडलेली आहे, कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून ती दिव्याशी बोलते, पतंगाशी, चंद्राशी, वाऱ्याशी, ढगाशी. मजनूला रान मोकळं आहे, तो वेडा म्हणून सुटला. तिला वेडं होण्याचीही मुभा नाही. ती शुद्धीवर राहून सगळं सोसते. लग्नानंतर इब्न सलामला स्वतःपासून दूर ठेवते तेही स्वतःच्या हिकमतीनं. नव्या नाटकाची नायिका या मजकुरातून सहज उभी राहते. तिच्या या दिव्याशी, चंद्राशी होणाऱ्या बोलण्यांची माळ करून एक अख्खा अंक बांधावा असं मला फार वाटतं. मजनूच्या आलापाला जितका वेळ देता, तितकाच तिला द्यावा.

नव्या काळात याचं पुन्हा रूपांतर झालं का?

झालं, आणि अभ्यास करावा असं झालं. २०१६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला मार्क मॉरिस या नृत्यदिग्दर्शकानं हाजिबेयोवचा ऑपेरा नर्तकांसह मंचावर आणला. संगीताची नवी, आटोपशीर मांडणी सिल्क रोड वाद्यवृंदाची, सुमारे तासाभराची. गायला अझरबैजानचे मुगाम गायक अलीम गासीमोव आणि त्यांची मुलगी फर्गाना. नेपथ्य आणि वेशभूषा चित्रकार हॉवर्ड हॉजकिनची.

गायक मंचाच्या मध्यावर बैठक मारून, हातात डफ घेऊन बसले. नर्तक त्यांच्या भोवती. प्रत्येक भागात लेयली आणि मजनूची जोडी बदलत गेली. त्यामुळे ‘ही अमक्याची गोष्ट’ हा भाव गळून पडतो. शिवाय गायकाच्या गळ्यावरचा अभिनयाचा ताणही उतरतो. साठीकडे झुकलेल्या गायकाला विशीतला मजनू साकारायची सक्ती राहत नाही. आपल्याकडे गाता गळा एकाचा आणि अभिनयाचं अंग दुसऱ्याचं, ही अडचण प्रत्येक निर्मात्यापुढे असते. तिच्यावरचा हा तोडगा मला मनापासून पटतो.

हाजिबेयोव पुढे याच वाटेनं गेला का?

सरळ नाही. लगेच पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ‘शेख सनान’ त्यानं युरोपीय वळणावर रचलं, ते चाललं नाही. मग ‘अस्ली आणि केरेम’, तीही शोकांत प्रेमकथा, १९१२ साली, पुन्हा मुगामाच्या आधारानं. १९३७ च्या ‘कोरोग्लू’मध्ये मात्र त्यानं सगळं स्वरबद्ध केलं, मुगामाची चाल रचनेत मुरवून. सफाईच्या दृष्टीनं ‘कोरोग्लू’ श्रेष्ठ, यात वाद नाही. तरी बाकूचं ऑपेरागृह हंगामाची सुरुवात परंपरेनं ‘लेयली आणि मजनून’नं करत आलं आहे.

वाद्यमेळ केवढा असावा?

लहान. तारच्या पडद्यांवर असे स्वर आहेत जे पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत, आणि आपल्या कंठातल्या श्रुतींचंही तेच. आलापाच्या जागी संवादिनी किंवा ऑर्गन मागे घ्यावा, सारंगी किंवा व्हायोलिन पुढे आणावं. कीबोर्डची भरणी समूहगीतांपुरती. तबलजी मात्र असा हवा की जो गप्प बसू शकेल.

हक्कांचं काय?

निझामी, फुझुली यांच्या मूळ काव्यावर कुणाचाच हक्क नाही. हाजिबेयोवचं निधन १९४८ मध्ये झालं. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा मूळ रचनाही इथे मोकळी आहे. परदेशात प्रयोग नेणार असाल तर त्या त्या देशाचा कायदा वेगळा पाहावा लागेल. आणि लक्षात ठेवा, ज्या अर्वाचीन भाषांतरावरून तुम्ही काम करता त्याचे हक्क भाषांतरकाराकडे असतात. ध्वनिमुद्रण आणि नवी संगीतमांडणी यांचेही वेगळे. संहितेचा पहिला खर्डा होण्याआधी भाषांतरकाराची लेखी परवानगी घ्या, प्रयोगाची तारीख ठरल्यावर नव्हे.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

आधी ऑपेरा लावू नका. अलीम गासीमोवांचा एखादा सेगाह किंवा चहारगाह सलग ऐका, शब्द न कळता. मग ऑपेराचं आरंभीचं समूहगीत. त्यानंतर मजनूची एकच एकल जागा दोन वेगळ्या गायकांची शोधा आणि एकापाठोपाठ ऐका. दोघांनी कुठे वेगळी वाट धरली ते कागदावर टिपा. ती टिपणं तुमच्या तालमीत पहिल्या दिवशी गायक नटांपुढे ठेवा आणि त्यांना सांगा, आपल्या संहितेतली ही ही पानं कोरी असणार आहेत.